चाळीस फूट पाइप आणि एक मोठं क्रियापद

धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना आत वळलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण गावातल्या दात्यांना नावाचं फार आहे. त्या गावच्या शाळेत पंखे, घंटा, कमान, व्यासपीठ, सगळं दान आलेलं. पंख्याच्या प्रत्येक पात्यावर दात्याचं नाव, त्यामुळे पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून तो शक्यतो बंद ठेवत. फक्त पाणी तेवढं शाळेचं स्वतःचं नव्हतं.

पाणी होतं कमलबाईंच्या शेतात, शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. अकरा वर्षं त्यांच्या बोअरचं पाणी जमिनीतल्या पाइपमधून शाळेला मिळत होतं. यंदा फेब्रुवारीत पाइप फुटला. मग मधल्या सुट्टीत दोनशे पोरं वळसा घालून कमलबाईंच्या लिंबाखालच्या माठापाशी रांग लावू लागली. निम्म्यांचा नंबर येण्याआधीच घंटा व्हायची. सातवीतली दिपमाला एका दुपारी कविता म्हणता म्हणता बाकावरून खाली कोसळली, तेव्हा तिला उचलून कमलबाईंकडे नेलं ते हेमांगीनं. हेमांगी शाळेत इंग्रजी शिकवायची, रोज धुळ्याहून एसटीनं यायची. त्या पोरीचे कोरडे पडलेले ओठ काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"पाइप फुटेल शे, माय," कमलबाई म्हणाल्या. "चाळीस फूट नवा टाकी द्या, मंग पानी बठ्ठासले भेटी."

नवा पाइप टाकला की सगळ्यांना पाणी, एवढाच हिशोब. हेमांगीनं मुख्याध्यापक प्रेमराज सरांना चाळीस फूट पाइप मागितला. सरांनी जळगावला प्रकाशचंद शेठना फोन लावला. शेठचं बालपण याच गावात, वडिलांच्या किराणा दुकानात गेलेलं. आता जळगावात कापडाची तीन मजली पेढी. शेठ भले माणूस, एका शब्दात तयार झाले. पण पाइपाला नाही, पाणपोईला. संगमरवरी, सहा नळांची, वर कमान.

"सर, पाइपाशिवाय पाणपोई?" हेमांगीनं विचारलं.

"मॅडम, आधी देणाऱ्याचा मूड सांभाळायचा असतो," सर म्हणाले. "तुम्ही फक्त पाटीचा मजकूर बघा. शेठना इंग्रजीत हवाय. नातू फोटो टाकणार आहे."

हेमांगीनं सरळ 'गिव्हन बाय' लिहून पाठवलं. संध्याकाळी शेठचा फोन आला. "मॅडम, गिव्ह तर आम्ही गिऱ्हाइकाला पिशवीसुद्धा करतो. जरा वजनदार काही नाही का?"

मग हेमांगी शब्दकोश घेऊन बसली आणि देण्याच्या किती तऱ्हा असतात ते तिला त्या दिवशी कळलं. 'डोनेट' शेठना नको होतं. ते तर रक्तदान शिबिरात बिस्किटाच्या पुड्यासाठीही करतात. 'कॉन्ट्रिब्यूट' म्हणजे खारीचा वाटा, आणि शेठ काही खार नव्हते. 'प्रेझेंट'ला आहेराच्या स्टीलच्या डब्याचा वास. 'सप्लाय' केलं की मागून बिल येतं. 'हँड ओव्हर' पोलीस चोराला करतात. 'ग्रँट' सरकार करतं, म्हणजे मिळेपर्यंत पोरं बाप होतात. शेवटी 'बिस्टो' सापडला. राजानं सिंहासनावरून खाली वाकून द्यावं, तसला.

"वाकायला लागतं का?" शेठनी विचारलं.

"नुसतं वाकल्यासारखं दिसायला लागतं," हेमांगी म्हणाली. शेठ खूश झाले.

उद्‌घाटनाला मांडव, शाल, श्रीफळ, पाच भाषणं. अडचण एवढीच की नळाला पाणी नव्हतं. ती सरांनी सोडवली. पहाटेपासून कमलबाई पाणपोईच्या मागच्या टाकीत हंडे ओतत होत्या. शेठनी नळ सोडला, पहिला पेला भरला, फोटो निघाले. "काय गोड पाणी आहे!" शेठ म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पाणपोईच्या मागे कमलबाईही टाळ्या वाजवत होत्या, एका हातात रिकामा हंडा असल्यामुळे हंड्यावरच. दुसऱ्या दिवशी नळ कोरडे आणि पोरं पुन्हा माठापाशी.

हेमांगी पाइपासाठी गावभर फिरली. जो तो द्यायला एका पायावर तयार. पाइप सोडून काहीही मागा. गावचे मोठे बागाईतदार तोताराम आबा तेवढे खरं बोलले. "मॅडम, जमीनमा गाडेल पाइपवर मन्हं नाव कोन वाची? गांडुळं?"

आणि तिथेच हेमांगीला, स्वतःच्या मते, फार मोठी युक्ती सुचली. पाइप गाडायचाच कशाला? भिंतीवरून, पोरांच्या डोळ्यांसमोरून न्यायचा. काळाभोर पाइप, त्यावर पांढऱ्या रंगात दर दोन फुटांवर आबांचं नाव. आणि त्याआधी एक शब्द, जो गावात अजून कोणालाच मिळालेला नाही: 'एन्डाऊड'.

आबांनी डोळे बारीक केले. "शेठना शब्दथून मोठा शे ना?"

"आबा, बिस्टो एकदाच करतात. एन्डाऊ पिढ्यान्‌पिढ्यांसाठी असतं."

आठवड्याच्या आत पाइप भिंतीवर चढला. वीस वेळा तोताराम. सहाही नळांना धो धो पाणी आलं, दिपमाला तोंड लावून पोटभर प्यायली, आणि हेमांगीनं त्या रात्री घरी आईला सांगितलं की इंग्रजीचा एम.ए. आज फळाला आला. महिनाभर ती अगदी हवेत होती.

मग एप्रिल लागला. खानदेशाचा एप्रिल शब्दकोश वाचत नाही. शाळा सकाळची केली होती, तरी दहाच्या सुट्टीपर्यंत भिंतीवरचा काळा पाइप असा तापायचा की नळाखाली धरलेला हात पोरं ओरडून मागे घ्यायची. एकानं पेल्यात चहाची पत्ती टाकून दाखवली, तर पाणी लाल झालं.

"आबा, पाइप गाडू या," हेमांगी फोनवर म्हणाली.

"वीसच्या वीस नावं गाडतीस का मन्ही?" आबा म्हणाले. त्यांनी फोन ठेवला तो ठेवलाच.

मग तिनं पाणपोईशेजारी चार माठ ठेवायची परवानगी मागितली. शेठनी फोटो मागवून पाहिला आणि कळवलं की माठांमुळे पाटी झाकली जाते. प्रेमराज सर म्हणाले, "मॅडम, पाणी आहे, दाते आहेत, पाट्या आहेत. आता पोरांना थंडच पाणी लागत असेल तर शाळा काय करणार?"

पोरं काय करायची ते करून बसली होती. सुट्टी झाली की वळसा घालून, लिंबाखाली, रांगेत. त्या दिवशी घंटा झाली तेव्हा दिपमाला रांगेत अजून सातवी होती. ती तशीच माघारी वळली. हेमांगीनं तिला खांद्याला धरून परत रांगेत उभं केलं आणि घंटेकडे पाठ करून स्वतःही तिच्यामागे उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती. दोन माणसांना मोठे शब्द तिनंच शोधून दिले होते, पाइप उन्हात तिनंच घातला होता.

कमलबाई एकेका पोराच्या पेल्यात पाणी ओतत होत्या. हेमांगीला आठवलं, यादीतला पहिला शब्द कोणीच घेतला नव्हता. साधा 'गिव्ह' तसाच उरला होता. तिच्या मुठीत वर्गातला खडू होता. तिचा नंबर आला तेव्हा ती वाकली आणि माठाच्या ओल्या पोटावर लिहू लागली.

"काय करी राह्यनी, माय?"

"तुमचं नाव लिहिते. कोणी दिलं ते."

"नको लिखू," कमलबाई म्हणाल्या. "वल्ला माठवर काही टिकस नही." आणि त्यांनी पेला भरून तिच्या हातात दिला.