टिंबांच्या फटीतून

देवानंदनं एक हात खिशात घातला आणि दुसऱ्या हातानं काचेच्या रिलेचा शेवटचा स्क्रू पिळला. त्याच्या हौशी रेडिओच्या जुन्या अँप्लिफायरमध्ये, संदेश दूरवर पोचवणाऱ्या पेटीत, अडीच हजार व्होल्ट खेळत. बंद केल्यावरही पेटीत दोन्ही हात घालायचे नाहीत, हे त्याला रामकिसनकाकांनीच शिकवलं होतं.

"झालं का तुमचं?" वैजयंतीनं चहा ठेवला. "का हा बी थंडाच करता?"

"झालं. आता काका मले मधातच टोकू शकते."

इंझोरीचे रामकिसनकाका रोज दिवेलागणीला रेडिओवर यायचे. घशाच्या ऑपरेशननं त्यांचं कीर्तन थांबवलं; बोलणं उरलं ते मोर्सच्या टिंबा-रेघांत, कळेवरच्या बोटांत. पाठवणं आणि ऐकणं यांची अदलाबदल करणारा देवानंदचा जुना रिले मात्र सुस्त. पाठवायला लागला की निरोप संपेपर्यंत त्याला पलीकडचं काही ऐकू येत नसे. "तू बोलतं तवा बहिरा होतं," काका टिंबा-रेघांतून टोमणा मारायचे. नवा रिले प्रत्येक टिंबानंतर पापणीसारखा उघडणार होता. बुवांच्या दोन शब्दांमध्ये टाळ वाजावा, तशी त्या फटीत समोरच्याची खूण ऐकू येणार होती.

काकांची हाक आली. आज टिंबं जरा लांबत होती.

"मनकर्णा सप्त्यात गेली. एकटाच आहो. हात जड झाला आज. तू सांग, रिले कसा?"

देवानंद खुशीत रिलेची सगळी कथा सांगू लागला. फटींमध्ये स्वच्छ शांतता होती. मग एकाएकी एक बारीक सूर. सलग. प्रत्येक फटीत तोच.

तो थांबला. सूर थांबला नाही.

"घ्या! गायला लागला हा," तो पुटपुटला. हात लावला की असले जुने अँप्लिफायर कधी कधी आपोआप शिट्टी धरतात. त्यानं पेटीचा प्लग काढला, व्होल्टेज उतरायची वाट पाहिली, झाकण उघडलं, तारा सरकवल्या, एक जोड पुन्हा सोल्डर केला. चहावर साय धरली.

"प्लग तं काढला तुमी," वैजयंती दारातून म्हणाली. "मंग हे काहून वाजून राह्यलं?"

त्याचा हात तारेवरच राहिला. सूर पेटीचा नव्हता; शेजारच्या रेडिओत तो इंझोरीहून येत होता. कुणाचा तरी हात कळेवर पडला होता, आणि तो उचलला जात नव्हता.

त्यानं फोन लावला. एरवी काका फोन उचलून नुसती टकटक करत. आज घंटी वाजत राहिली. मनकर्णाकाकूंच्या फोनचीही. शेवटी काकांच्या शेजारच्या रूपलानं उचलला. मागं टाळमृदंगाचा गजर होता.

"कीर्तन रंगात आलं भाऊ, मंग करा—"

"रूपला, काकाच्या घरी पय. फोन चालूच ठेव."

"काहून? काय झालं?"

"पय म्हणतो न!"

टाळ मागं मागं पडत गेले. चपलांचा आवाज, धाप, कुठलंसं कुत्रं. मग दाराची कडी.

"काका? ओ काका!"

रेडिओतला सूर तुटला.

"बरं झालं बाई," वैजयंती स्वयंपाकघरातून म्हणाली. "बंद झालं एकदाचं."

फोनवर रूपला काकांना हलवून हाका मारत राहिला. एखादं टिंब तरी येईल म्हणून देवानंदनं रेडिओकडे हात नेला आणि आवाज सावकाश वाढवला. अजून थोडा. अजून.