मावशीचा आवाज बंद करायचा नाही

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, माझा आतला रबरी पट्टा तुटलाय, पण मी गप्प बसणाऱ्यांतला नाही.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या नदीकाठच्या आदिवासी वस्तीत, फुटबॉल क्लबाच्या सोडतीत मावशीने मला जिंकलं. तिचं नाव मी सांगणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत. काही वर्षं मी नुसती गाणी वाजवली. मग एका सकाळी तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, गाण्यांच्याच एका कॅसेटवर आवाज भरायचं लाल बटण दाबलं आणि आपल्या भाषेत म्हणाली, “कुठून आलात? बरे आहात ना?” प्रत्येक प्रश्नानंतर ती थांबली. उत्तरासाठी जागा सोडली.

लहानपणी हेच तिने आपल्या आईला याच भाषेत विचारलं होतं, म्हणून मिशनच्या शाळेतल्या गोऱ्या बाईंनी तिचं तोंड साबणाने धुतलं. ते सांगताना ती रडायची नाही, चिडायची. मलाही चीड यायची.

तिची भाची लिओनी शाळेत शिकवायची. ती मला रोज वर्गात न्यायची. मी विचारायचो, मुलं उत्तरं द्यायची. हेडमास्तर कुरकुरले, “या देशात शेकडो भाषा! नदीपलीकडची वेगळी, टेकडीमागची वेगळी. कुठली कुठली शिकवायची?”

“तुमची शाळा ज्या जमिनीवर उभी आहे, तिची शिकवा,” मावशीने सुनावलं. “पलीकडच्यांची पलीकडे बघतील. मावश्या तिकडेही आहेत!”

पुढे मावशीने अंथरूण धरलं. “लिओनी, मी गेले की नाव घेऊ नका, फोटो झाका. रीत आहे ती. पण शोक संपला की माझा आवाज बंद ठेवायचा नाही. एकदा साबणाने बंद केलाय. आता आपल्याच माणसांनी करू नका. ऐकतेस ना गं?”

“हो गं मावशी.”

ती गेली आणि मी वर्गातल्या कपाटात गेलो. शोकाचं वर्ष सरलं, दुसरंही सरलं, तरी लिओनीचा हात धजेना. तिकडे मुलं पुन्हा ‘हॅलो’वर आली. मला कपाटातून सगळं ऐकू यायचं आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी वस्तीतले थोरले क्लाइव्हकाका स्वतः वर्गात आले. “तिने सांगून ठेवलंय ना? मग वाजव. जिवंत होती तेव्हा तिचं न ऐकायची कुणाची छाती होती का?” लिओनीला हसू आलं. डोळे पुसून तिने बटण दाबलं.

“कुठून आलात?” मावशीने विचारलं. आणि तेवढ्यात माझा पट्टा तुटला. फीत पोटातच गुंडाळून चुरगळली. माझी मलाच लाज वाटली. लिओनीचा चेहरा उतरला.

उत्तरासाठी सोडलेली जागा मात्र तशीच होती. मागच्या बाकावरून एक मुलगी आपल्या भाषेत म्हणाली, “नदीवरून आलो.” शेजारचा म्हणाला, “बरे आहोत. काका, तुम्ही कुठून आलात?” काका काठी टेकत उभे राहिले आणि त्यांनी त्याच भाषेत उत्तर दिलं.

मित्रांनो, मला पुसूनबिसून काचेच्या कपाटात ठेवलंत तरी चालेल. आमची भाषा मात्र तिथे ठेवू नका. तुमचीही नको. उद्या सकाळी जो पहिला भेटेल, त्याला आपल्या घरच्या भाषेत विचारा, कुठून आलास? बरा आहेस ना? आणि कुणी साबण घेऊन आलाच, तर आणखी मोठ्याने विचारा.