उजवा गुडघा कंपनीचा

चिंचणीच्या शांताराम राऊतांकडे दोन फोन होते. एक त्यांचा स्वतःचा, मोठ्या काचेचा, ज्यावरून ते रोज सकाळी अख्ख्या गणगोताला फुलांची चित्रं पाठवायचे. दुसरा बटणांचा. तो त्यांचा मुलगा प्रणव आयर्लंडला जाताना त्यांच्या हवाली करून गेला होता.

"पप्पा, माझं इथलं सिम यात हाय. बँकेचे निरोप यावरच येतात. फोन चार्ज ठेवायचा, आणि मी विचारलं की आलेला आकडा वाचून दाखवायचा. एवढंच काम."

एवढंच म्हणून सांगितलेलं काम एवढ्यावर सोडतील तर ते शांताराम कसले! त्यांनी फोनला प्लास्टिकची पिशवी चढवली, पिशवीला नाडी बांधली आणि नाडी गळ्यात घातली. वाडीत चिकू उतरवताना, बाजारात, कुणाच्या बाराव्याला, फोन छातीवर. त्यांची बायको जयवंती म्हणायची, "मंगळसूत्र माझ्या गळ्यात, नि मिरवता तुमी."

शांतारामांचा दुसरा मिरवायचा ऐवज म्हणजे उजवा गुडघा. प्रणव तेव्हा तारापूरच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होता. गुडघा बदलावा लागेल म्हणून डॉक्टरांनी खर्चाचा आकडा सांगितला आणि शांतारामांनी तिथल्या तिथे चपला घातल्या. जन्मात कुणाचा रुपया डोक्यावर ठेवला नाही, आता गुडघ्यापायी ठेवायचा का? खुरडत जाईन, पण कर्ज काढणार नाही! प्रणवने त्यांना दवाखान्याच्या दारात गाठलं आणि सांगितलं, की अहो, आमच्या कंपनीत आईवडलांच्या ऑपरेशनचा सगळा खर्च कंपनी करते. तेव्हा कुठे चपला पुन्हा उतरल्या.

तेव्हापासून शांतारामांच्या तोंडी कंपनी म्हणजे कुलदैवतच झालं. मासळीबाजारात, बोईसरच्या रिक्षात, लग्नाच्या पंगतीत ते मांडीवर थाप मारून सांगायचे, "हा गुडघा कंपनीचा!" आता डावाही कुरकुरू लागला होता. दर रविवारी ते प्रणवला विचारायचे, "तिकडच्या कंपनीला डाव्याचं विचारलंस का? देशी कंपनीने उजवा केला, विलायती कंपनीला डावा जड हाय काय?" नेमकं तेवढ्यात आयर्लंडचं नेटवर्क जायचं.

आता, शांतारामांना जे ठाऊक नव्हतं ते आपण सांगून टाकू. प्रणवच्या डोक्यावर इथल्या क्रेडिट कार्डाचं कर्ज होतं. इथे असताना ते पगारातून कसंबसं रेटलं होतं. परदेशी गेल्यावर घरभाडं, विमानाची उधारी आणि तिथली थंडी यांत हप्ते चुकले आणि व्याज वाफ्यातल्या तणासारखं माजलं. शेवटी बँकेशी बोलणं झालं. ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी संध्याकाळपर्यंत भरली, तर वरचं व्याज माफ. नाहीतर सगळं व्याज परत बोकांडी, आणि वसुलीची माणसं थेट चिंचणीच्या घरी. आपल्या अंगणात वसुलीवाला उभा राहिलेला पाहिला तर पप्पा पुन्हा मान वर करून बाजारात जायचे नाहीत, हे प्रणव जाणून होता. पैसे त्याने पै पै करून जमवले, इथल्या खात्यात पाठवले. आता ते खात्यातून कार्डाकडे वळवायला हवा होता फक्त एक ओटीपी. आणि तो येणार होता शांतारामांच्या गळ्यात.

इथेच घोळ झाला. मागच्याच महिन्यात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पोलिसांचं सायबर फसवणुकीवर व्याख्यान झालं होतं. शेजारच्या कैलासने वीजबिलवाल्या भामट्याला ओटीपी सांगून पावसाळ्याची पुंजी घालवली होती, त्यामुळे गर्दी चिक्कार. साहेबांनी बजावलं, "ओटीपी कुणालाही सांगू नका. सख्ख्या मुलाचा आवाज ऐकू आला तरी नाही. आजकाल आवाज बनवतात, व्हिडिओत चेहराही बनवतात." बाकीचे चहा पिऊन विसरले. शांतारामांनी मात्र फाटकावर पाटी लावली: 'येथे ओटीपी सांगितला जात नाही.'

आणि चोर तर त्यांना आयता सापडला होता. बटणांच्या फोनवर रोज एका मुलीचा फोन यायचा. "नमस्कार, क्या मेरी बात प्रणवजी से हो सकती है?"

"कशाला?"

"वो मैं आपको नहीं बता सकती, सर."

दुसऱ्या तिसऱ्या दिवशीच शांतारामांनी तिचं हिंदी पकडलं. "तू मुरबे गावची ना गो?"

पलीकडचं हिंदी गळून पडलं. मग बारीक आवाजात, "तुला कसं कललं, काका?"

तिचं नाव तेजल. बोईसर स्टेशनजवळच्या कुठल्याशा ऑफिसात बसून ती फोन करायची. कशासाठी ते काही केल्या सांगायची नाही; गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही असा तिचा नियम. "चोरांचं सगलं गुपितच असतं," शांताराम म्हणायचे, आणि चोराला बोलण्यात गुंतवून त्याचा वेळ खायचा या हिशेबाने तिला आपलं चरित्र ऐकवायचे. त्यात गुडघ्याचा अध्याय रोजचा. "माझ्या पोराने एक पैचं कर्ज नाय केलं. हा गुडघा कंपनीचा! आणि तू बघ, चांगल्या घरची दिसतेस, सोड हा धंदा. आमच्या पाड्यावर अंगणवाडीत जागा हाय, अर्ज कर." तेजल "हो काका" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत फोन करायची.

त्या दिवशी सकाळी ती एवढंच म्हणाली, "काका, प्रणवशी बोललास तर सांग, आज संध्याकालपर्यंतच हाय."

"काय हाय?"

"ते सांगता येत नाय."

दुपारी ओट्यावर चिकूंची निवड चालली होती. मोठे एका टोपलीत, बारके दुसरीत. तेवढ्यात मोठ्या फोनवर प्रणवचा व्हिडिओ कॉल आला. पोरगा टोपी घालून बसला होता आणि घाईत होता. "पप्पा, आता त्या फोनवर आकडा येईल, तो वाचा." छातीवरचा फोन टुणकन वाजला. शांतारामांनी तो मुठीत झाकला.

"आधी तू कोण ते सांग."

"पप्पा, मी प्रणव!"

"सगले चोर हेच सांगतात. आपल्या म्हशीचं नाव काय होतं?"

"चंद्री! वाचा लवकर."

"चंद्री बरोबर. पण तिचा फोटो मी नावासकट फेसबुकवर टाकलेला. कुणीबी वाचेल."

तेवढ्यात आकड्याची मुदत संपली. प्रणवने दुसरा मागवला. आता जयवंती चिकू टाकून उठली. "अवो, कपालावरची खोक बघा त्याच्या! पेरूवरून पडलेला, मी हलद दाबून धरलेली!"

"चित्रात खोक काढता येते. साहेबांनी पडद्यावर दाखवलंय."

"मग मी नऊ महिने वागवला तो पण पडद्यावरच काय?"

या प्रश्नाला साहेबांनी उत्तर दिलं नव्हतं, तरी शांताराम ते आठवत बसले आणि दुसऱ्या आकड्याचीही मुदत संपली. प्रणवने टोपी काढून डोकं धरलं. "पप्पा, आता एकदाच मिलेल. तिसरा चुकला की बँक उद्यापर्यंत खातं बंद करते. आजचीच मुदत हाय हो."

"कसली मुदत?"

प्रणव घुटमळला. "ते... सांगता येत नाय."

"बघ!" शांताराम बायकोकडे वळले. "हुबेहूब तेजलसारखा बोलला! एकाच टोलीतले."

पण हे बोलताना त्यांची नजर काचेवर गेली आणि आवाज खाली आला. पोरगा वाळला होता. डोळे लाल झाले होते. चोर असो की पोर, असं तोंड त्यांच्याने बघवेना. खरं सांगायचं तर त्यांना आता त्याला पास करायचं होतं; पण साहेबांचा शब्दही मोडायचा नव्हता. म्हणून त्यांनी सगळ्यांत सोपा प्रश्न काढला, ज्याचं उत्तर चिंचणीपासून बोईसरपर्यंत कुणीही झोपेत दिलं असतं.

"शेवटचा सवाल. माझ्या उजव्या गुडघ्याचे पैसे कुणी भरले?"

जयवंतीचा जीव भांड्यात पडला. छातीवर तिसरा आकडा वाजला.

प्रणव मात्र पांढराफटक पडला. 'कंपनीने' असं एका शब्दात तो सुटला असता. पण त्याला वाटलं, संपलं; बँकवाल्यांनी पप्पांना सगळं सांगितलं, आणि पप्पा आता मुद्दाम आपल्या तोंडून वदवून घेताहेत.

"कललं ना तुमाला?" तो म्हणाला. "मी भरले, पप्पा. क्रेडिट कार्डावर. कंपनीने एक पै दिली नाय. तुमी चपला घालून बाहेर पडला होता. मी दुसरं काय सांगणार होतो?"

"चूक!" शांताराम ओरडले. पोपटासारखं ठरलेलं उत्तर डोक्यात बसलं होतं, म्हणून तोंडातून निघून गेलं. हात मांडीवर थाप मारायला उठला होता, तो तिथेच राहिला.

चोर असता तर 'कंपनीने' म्हणाला असता. तीच गोष्ट त्यांनी आल्यागेल्याला सांगितली होती. आणि चपला? चपलांचं बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. ती फजिती शांतारामांनी कधी कुणाला सांगितलीच नव्हती.

"प्रणव," ते म्हणाले. डोळे भरून आले, चष्म्याच्या काचा धुरकटल्या, हातातला आकडा दिसेना.

"वाचा की!" जयवंती किंचाळली. नाडी गळ्यातून काढायला वेळ कुठला? तिने फोन ओढला, फोनबरोबर शांताराम ओढले गेले, आणि नवऱ्याचं डोकं काखेत धरून तिने एकेक आकडा खणखणीत आवाजात वाचला. वाटेने जाणाऱ्या कैलासने तो ऐकला, फाटकावरची पाटी पुन्हा एकदा वाचली आणि पुढे गेला.

"झालं," प्रणव म्हणाला. "गेले पैसे." मग तो लहान मुलासारखा रडला, आणि जयवंतीने त्याला आधी जेवून घ्यायला सांगितलं.

संध्याकाळ व्हायच्या आत बटणांचा फोन पुन्हा वाजला. या वेळी हिंदी नव्हतं. "काका, मी तेजल. प्रणवला निरोप दे, काम झालं. आता माझा फोन नाय यायचा."

"तुला सगलं ठाऊक होतं," शांताराम म्हणाले.

"कार्डाच्या हिशेबात दवाखान्याचं नाव समोरच दिसायचं, काका. आणि तू रोज सांगायचास, गुडघा कंपनीचा. मी काय बोलणार? नियम हाय ना."

शांतारामांना लाज वाटली. इतके दिवस ज्या पोरीला चोर म्हटलं, तिने एकदाही त्यांना तोंडघशी पाडलं नव्हतं. "रविवारी घरी ये. चिकू घेऊन जा," ते म्हणाले. "चांगले, मोठ्या टोपलीतले."

"येते. आणि काका, ती अंगणवाडीची जागा अजून हाय काय?"

दिवेलागणीला शांतारामांनी स्वतःहून प्रणवला फोन लावला. पैशांचं ते काही बोलले नाहीत. बोलायला बसले असते तर पुन्हा चष्मा पुसावा लागला असता. "ऐक, ते डाव्या गुडघ्याचं कंपनीला विचारू नको."

"विचारतो पप्पा, खरंच. पुढच्या वर्षी मी..."

"नको म्हटलं ना. दुखतच नाय तो. उगाच तुझी गंमत करत होतो."

"पप्पा, खोटं कशाला बोलता?"

"का? घरात तू एकट्यानेच बोलायचं काय?"

प्रणव हसला. खूप दिवसांनी असा मोकळा हसला. शांतारामही हसत हसत ओट्याचा खांब धरून उठले, आणि डावा गुडघा असा कडाडला की आयर्लंडपर्यंत ऐकू गेला.

"पप्पा! आवाज कसला तो?"

"कुठे काय! तुझी आई सुपारी फोडते."

जयवंती समोर बसली होती. सुपारीला तिने जन्मात हात लावला नव्हता. तिने नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या गुडघ्याकडे बघितलं आणि फोनच्या दिशेने मोठ्याने सांगितलं, "होय रे बाला. कडक हाय मेली."