रबरी अंकुश

हत्तिणीच्या विक्रीचा सौदा जमला असता तर माहुताच्या पदरात बरंच पडणार होतं. तिला विकत घेणाऱ्या सर्कशीत हेडमाहुताची जागा, शिवाय पक्क्या भिंतींची, दाराला कडी असलेली खोली. उभा संसार तंबूत काढलेल्या त्याच्या बायकोने त्या खोलीचे पडदेसुद्धा मनात शिवून ठेवले होते. बदल्यात एवढंच करायचं होतं, की गिऱ्हाईकासमोर ठकी हत्तिणीला अंकुशाच्या धाकाने स्टुलावर चढवून दाखवायचं.

गोची अशी, की ठकीला धाक उरलाच नव्हता. तिच्या कानामागची अंकुशाची जखम चिघळली, तेव्हापासून माहूत रिंगणात लोखंडी अंकुश नेत नसे. बायकोच्या एका चपलेची टाच कापून त्याने काठीला रबरी टोक बसवलं, वर चंदेरी रंग फासला. लोकांना अंकुश दिसायचा, मालकाला शिस्त दिसायची आणि ठकी काम करायची ती याच्या पुटपुटण्यावर.

"आज कुठला नेताय?" बायकोने विचारलं.

"लोखंडी. गिऱ्हाईक पारखी आहे म्हणे."

"मग तो पेटीत कसा?"

"घेतो ना! मागे नको लागूस."

पेटी काही उघडली नाही. घाईत राहून गेलं, असं तो अजूनही सांगतो.

रिंगणात गिऱ्हाईक म्हणालं, "तुम्ही बाजूला व्हा. उद्या ती माझ्या इतर माणसांच्याही हाताखाली असणार." काठी हिसकावून त्याने ठकीच्या कानामागे जोरात खुपसली.

टोक वाकलं. ठकीला वाटलं, खाजवतायत. डोळे मिटून ती आरामात कुशीवर लवंडली आणि आणखी खाजवा म्हणून कान हलवू लागली.

"मालक, हत्तीण विकताय की सासूबाई?" अंगावरची धूळ झटकत गिऱ्हाईक चालतं झालं.

मालकाने माहुताच्या सात पिढ्या उद्धारल्या. पण लाडावलेल्या म्हाताऱ्या हत्तिणीला घेणार कोण? चारा परवडेना, तेव्हा त्याने ठकीला प्राण्यांच्या आश्रमाला फुकट देऊन टाकलं. सांभाळायला माहूतही गेला. राहायला पत्र्याची शेड.

"पत्र्याला काय पडदे लावू?" बायको फणकारली. तेवढ्यात ठकीने तिच्यापुढे कान केला. बायकोने गाठोड्यातून ती टाच कापलेली चप्पल काढली आणि पुटपुटत का होईना, खाजवायला लागली.

मालकाचा सौदा बुडाला, माहुताचा हुद्दा गेला, बायकोची खोली गेली, वर चप्पल. ठकीकडून मात्र कुणाचं काही येणं नव्हतं. तिचा वाटा तिने कानामागून कधीच चुकता केला होता.