सातवा ठिपका

मी एक जुने, झाकणाचे चिनी मातीचे भांडे आहे. तिसा नदीकाठच्या आमच्या लहानशा कारखान्याच्या संग्रहालयात, खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात मी बसलेलो असतो. रविवारी घरोघरी कोंबडीचे सूप वाढायला माझ्यासारखी भांडी लागतात. माझ्यात मात्र आजवर चमचाभर सूपही पडलेले नाही. मी नुसते बघायचे भांडे झालो. लोक वाकून वाकून माझे कौतुक करतात, आणि मित्रांनो, मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे होते. का, ते आज तुम्हाला सांगतो.

मला चाकावर घडवले, भट्टीत भाजले, झिलईत बुडवून पुन्हा भाजले. मग मी इतर पांढऱ्या भांड्यांबरोबर फळीवर वाट पाहत बसलो. गिझेला तेव्हा तरुण चित्रकारीण होती. तिची मास्तरकीची, म्हणजे कारखान्यात पक्की कारागीर ठरण्याची, परीक्षा होती. आमच्याकडे परीक्षेचे भांडे ज्याचे त्याने निवडायचे, खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहायचे. एकदा निवडले की बदलायचे नाही, आणि दुसऱ्या कोणी त्याला बोटही लावायचे नाही. गिझेलाला घाई फार. आभाळ भरून आले होते, उजेड नव्हता. तिने मला उचलले आणि टेबलावर नेऊन ठेवले.

तिने माझ्यावर गुलाब काढले, निळ्या रानफुलांच्या वेली काढल्या. फार सुंदर काढल्या. शेवटच्या भाजणीच्या आदल्या दिवशी तिने मला कानाला धरून फिरवले आणि तिचा हात थांबला. माझ्या कानाखाली, मोकळ्या पांढऱ्या जागेवर, मोहरीपेक्षा बारीक एक काळा ठिपका होता. मातीत राहिलेला लोखंडाचा कण भट्टीत वर आला होता. असा ठिपका दिसला की बुडावरच्या कारखान्याच्या निशाणीवर आडवी रेघ ओढतात. मग ते भांडे दुय्यम ठरते आणि परीक्षाही जाते. गिझेला तोंडावर पदर घ्यावा तसा कामाचा डगला तोंडावर धरून बाहेर पळाली. मित्रांनो, रडत ती गेली, पण दोष माझ्या अंगात होता. ती लाज मला तेव्हापासून चिकटली.

शेजारच्या टेबलावर बोरिष्का बसायची. दोघी एकाच गल्लीतल्या, एकच पाव वाटून खाणाऱ्या. बोरिष्का उठली, लाल रंगात कुंचला बुडवला आणि ठिपक्याभोवती एक छोटासा ढालकिडा काढला. तोच, जो मुले बोटावर बसवून ठिपके मोजतात. त्याच्या पाठीवर सात ठिपके हवेत. बोरिष्काने सहाच काढले. सातवा माझा काळा कण होता. ती मला खाली ठेवत होती, तेवढ्यात देखरेखीचे मास्तर आत आले.

"परीक्षेच्या भांड्याला हात? कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. नीट बघत होते जरा," बोरिष्का म्हणाली.

"मग आता पेट्या भरताना बघ नीट."

गिझेला दारातच उभी होती. तिने किडा पाहिला आणि तिला सगळे उमगले. नुसते 'तिने मला वाचवलं' म्हटले असते तरी पुरे होते. पण मग ठिपका उघडा पडला असता. ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी गिझेला मास्तरीण झाली, आणि बोरिष्का खालच्या खोलीत आमच्यासारख्यांना वाळल्या गवतात गुंडाळून पेट्यांत भरू लागली. तिच्या हाती पुन्हा कुंचला आला नाही.

पुढे गिझेला म्हातारी झाली. दर शनिवारी ती पाहुण्यांना संग्रहालय दाखवू लागली. माझ्यापाशी आली की हसून म्हणायची, "हा किडा मला असाच सुचला बघा." लोक वा वा करायचे. मला वाटायचे, झाकणासकट जमिनीत गडप व्हावे.

एका शनिवारी शेजारच्या गावाहून म्हाताऱ्यांची बस आली. गिझेलाने काठीने माझ्याकडे दाखवले आणि तिचे नेहमीचे सुरू झाले. मागून आवाज आला.

"गिझी, एवढी फुलं सोडून किडा एकटाच मोकळ्यावर काय करतोय गं?"

बोरिष्का होती. डोक्याला रुमाल, हातात छत्री. गिझेलाने काठी खाली टेकवली.

"पाणी प्यायला चाललाय तो," एक जाडे आजोबा म्हणाले. "बोरिष्का, बाईंना बोलू दे की. तुझ्या गवतात किडे काय कमी होते?"

सगळे हसले. बोरिष्का हसली नाही. गिझेलाने खिशातली किल्ली काढली, कपाट उघडले आणि मला बाहेर घेतले.

"हा किडा माझा नाही," ती म्हणाली. "हिनं काढला, माझी परीक्षा वाचवायला. त्यापायी हिचा कुंचला गेला, आणि मी तोंड उघडलं नाही. बोरिष्का, हात लावून बघ. सातवा ठिपका."

"खरखरीत लागतो तो. मला सांगतेस?"

"माफ कर गं."

"एवढं बोलायला तुला म्हातारपण लागलं?" बोरिष्काचा आवाज फाटला. मग तिने दोन्ही हात माझ्याखाली धरले. "आधी भांडं ठेव. हात बघ कसे कापतायत तुझे. फुटलं तर माझा किडा जाईल."

दोघींनी मिळून मला कपाटात ठेवले. माफ केले की नाही, बोरिष्का बोलली नाही. बस निघाली, आणि ती पुन्हा आली नाही. गिझेला शनिवारी आता खरे तेच सांगते. सांगताना दर वेळी तिची मान खाली जाते, आणि माझ्या बाजूची पाटी आता दोन नावांची आहे.

मित्रांनो, तुमचा डाग कोणी झाकला असेल, तर त्याचे नाव तो समोर असतानाच घ्या. बस सुटायच्या आत घ्या. आणि कधी मला पाहायला आलात, तर आधी फुलांकडे बघू नका. माझ्या कानाखाली वाकून ठिपके मोजा. सहा बोरिष्काचे आहेत. सातवा माझा.