तिसऱ्या गाण्यातला पूल

बाबांच्या गाडीतलं घड्याळ गेली अकरा वर्षं सव्वाचारच वाजवत होतं, आणि बाबांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. मनगटालाही ते घड्याळ बांधत नसत. "गाडी चालवताना जो घड्याळ बघतो, तो रस्ता कधी बघणार?" असं त्यांचं म्हणणं. बाबांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, ठकीच्या, आत्याचं केकचं दुकान होतं आणि तिथले केक घरोघरी पोचवायचं काम अठरा वर्षं बाबांकडे होतं. मागची सीट काढून तिथे जाड फोमची गादी टाकलेली जुनी गाडी, तिच्यात एकच कॅसेट, आणि कॅसेटमध्ये एकाच गायकाची बारा गाणी. या अठरा वर्षांत एका केकवरचं क्रीमचं एक फूलसुद्धा हललं नव्हतं. ही गोष्ट बाबा स्वतःहून कधी सांगत नसत, कुणीतरी विचारीपर्यंत थांबत. फार वेळ मात्र थांबत नसत.

बाबांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून ठकीने त्यांना छोटासा म्युझिक प्लेअर आणला. ठकी हॉस्पिटलात लोकांचे कान तपासायची, आणि तिथल्या कुणालाही आपलं घरचं नाव कळणार नाही याची तिने चोख व्यवस्था ठेवली होती. अडचण एवढीच होती की गाडीतल्या टेपला बाहेरची वायर खुपसायला जागाच नव्हती. तिने टेपला पुढून पाहिलं, खालून पाहिलं, मान वाकडी करताना डॅशबोर्डवर आपटून कपाळाला टेंगूळही आणलं. शेवटी एका दुकानदाराने तिला नकली कॅसेट दिली. दिसायला कॅसेट, पोटात फीत नाही आणि मागे शेपटीसारखी वायर. वायरचं टोक प्लेअरला लावायचं, कॅसेट टेपच्या तोंडात सारायची, की टेप बिचारा फसतो आणि वाजायला लागतो. वायर गिअरमध्ये येऊ नये म्हणून ठकीने ती रबरबँडने आवळली, आणि प्लेअरमध्ये तीच बारा गाणी त्याच क्रमाने भरली. बाबांना नवी वस्तू आवडायची, फक्त ती जुन्यासारखी असायला हवी.

"आवाज काय स्वच्छ आहे गं!" बाबा खूश झाले. मग कान टवकारून म्हणाले, "पण हा जरा घाईत गातोय का?"

"स्वच्छ ऐकू येतंय ना, म्हणून तसं वाटतं," कानांची तज्ज्ञ म्हणाली.

सोमवारी चॉकलेट केकचं क्रीम खोक्याच्या झाकणाला लागलं. गुरुवारी दोन मजली केकचा वरचा मजला घसरून खालच्याच्या मांडीवर येऊन बसला. आत्या बाबांहून सात वर्षांनी मोठी आणि जिभेने त्याहून जास्त.

"साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही," ती म्हणाली. "शनिवारी शाळेचा तीन मजली केक आहे. शाळेला पन्नास वर्षं झालीत, सगळं गाव येणार. तो नीट पोचला तर ठीक. नाहीतर किल्ली या खिळ्याला टांग आणि घरी आराम कर."

त्या दुपारी बाबा नीट जेवले नाहीत. वडिलांनी गाडी सोडली तर ते घरात बसून काय करतील, हे ठकीला डोळ्यांसमोर दिसत होतं: सव्वाचारच्या घड्याळासारखे नुसते बसतील. तिने त्यांचे कान तपासले. कान विशीतल्या पोराचे निघाले. डोळ्यांची तपासणी मागच्याच महिन्यात झाली होती, तीही उत्तम.

शनिवारी ती केकशेजारी फोमवर मांडी घालून बसली, दोन्ही हात खोक्याला धरून. पहिलं गाणं सुखाने गेलं, दुसरंही. तिसरं अर्ध्यावर आलं तसे बाबा पुटपुटायला लागले, आणि बासरी वाजून संपली तशी गाडीने एकदम वेग घेतला. खोकं कलंडायला आलं.

"बाबा, हळू!"

"हळू काय? उशीर झालाय! ही बासरी वाजते तेव्हा मी पुलावर असतो. रोज असतो. आणि आता बासरी संपली तरी पूल दिसत नाही! या आठवड्यात रोज हेच चाललंय." बाबांचा आवाज खाली आला. "म्हातारा झालो गं मी ठके. हातपाय मंदावले माझे."

ठकीने खोकं सरळ केलं. "गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली, "आणि जुनी कॅसेट द्या."

कॅसेट मागे नेणारं टेपचं बटण कधीच निकामी झालं होतं. बाबांनी खणातली पेन्सिल काढून फीत फिरवत नेमकी तिसऱ्या गाण्याच्या तोंडाशी आणली. टेप सुरू झाला. जड, संथ, घशात गोळा आल्यासारखा आवाज निघाला, आणि ठकीने कपाळावर हात मारला. दिवसभर लोकांचे कान तपासणारी ती, आणि स्वतःच्या कानांनी एवढंसुद्धा ऐकलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही नाही मंदावलात. हा टेप मंदावलाय! आतला रबरी पट्टा वर्षानुवर्षं सैल होत गेला. रोज केसभर, म्हणून कळलं नाही. तुम्ही त्याच्या तालावर चालवत राहिलात. या प्लेअरमध्ये गाणी खऱ्या वेगाने वाजतात, म्हणून प्रत्येक वळणावर तुम्हाला उशीर झालाय असं वाटतं."

बाबा त्या टेपकडे बघतच राहिले. "म्हणजे हा गायक रडका नाहीये?"

"अजिबात नाही."

"मला इतकी वर्षं वाटायचं, बिचाऱ्याला घरी काहीतरी मोठं दुःख आहे."

गाडी निघाली. बासरी वाजली तेव्हा चाकांखाली पूल होता. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी झाकण उघडलं. तिन्ही मजले ताठ उभे होते, वरच्या फुलाची पाकळीही जागची हलली नव्हती.

"वाटेत काही त्रास?" बाईंनी विचारलं.

"अठरा वर्षांत..." बाबांनी छाती पुढे काढली. मग त्यांना सोमवार आठवला, गुरुवार आठवला. "आज नाही झाला," ते म्हणाले.

परत निघताना ठकी पुढे बसली. "पट्टा बदलून आणू का? स्वस्तातलं काम आहे."

बाबांनी टेपवर हात आडवा धरला. "हात लावशील तर याद राख!"

मग त्यांनी स्वतःच जुनी कॅसेट काढून जपून खणात ठेवली, नकली आत सारली, आणि प्लेअरचं बटण दाबलं. गाणं टुणकन उडी मारून निघालं.

"अगं, हा तर पोरगा आहे!" बाबा हसत सुटले, आणि रिकामी गाडी त्यांनी मोकळी सोडली.

दुकानाच्या दारात आत्या उभी होती. शाळेतून फोन येऊन गेला असावा, कारण तिच्या बोलण्याला आज धार नव्हती. "किल्ली?" तिने नुसतं विचारलं.

"खिशात," बाबा म्हणाले. "ताई, तुझ्या केकला म्हातारा गायक लागतो. येताना मला तरुण चालतो."