अकरा वर्षांची झिप

कृपाचा फोन मस्कतच्या समुद्रात पडला, हे कळल्यावर नागापुरात तिच्या आईनं आधी विचारलं, "तू नाही ना पडलीस?"

पडली नव्हती. सुट्टीच्या दिवशी बरोबरीच्या नर्सांसोबत बोटीत बसली होती, फोटो काढायला वाकली आणि फोन गेला. नवा फोन घेतला, नंबरही तोच मिळाला, पण आईशी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेलं अकरा वर्षांचं बोलणं मात्र गेलं. बॅकअप घ्यायचा राहून गेला होता.

"आई, तुझ्याकडे आहे ना सगळं? मेलवर पाठव. फोनवर आता माझा विश्वास नाही."

होतं तर! सत्यशीलाबाई दर एकतीस डिसेंबरला, ख्रिस्तमंदिरातल्या वर्षअखेरच्या उपासनेला निघायच्या आधी, त्या वर्षाचं लेकीशी झालेलं बोलणं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर यूट्यूब बघून त्या सगळं शिकल्या होत्या. नवऱ्याचे टोमणे सोसून, हे वेगळं सांगायला नको.

अकरा वर्षांच्या अकरा फाईली. शिवाय शलमोनरावांनी लेकीला वेळोवेळी पाठवलेले फोटो. सगळं मिळून मेलमध्ये मावेना. मग बाईंनी झिप करायचं ठरवलं. म्हणजे सगळ्या फाईलींचं मिळून एकच गाठोडं होतं आणि ते दाबून लहानही होतं.

"दाबून?" शलमोनराव चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले. एमआयडीसीत तीस वर्षं त्यांनी प्रेस मशीन चालवलं होतं, त्यामुळे दाबण्याच्या विषयात आपला अधिकार आहे असं त्यांना वाटे. "आन् उघडल्यावर हुतं तसं निघतंय का? आमच्या प्रेसखाली गेलेला पत्रा परत सरळ झालेला मी तरी बघितला न्हाई."

"हा पत्रा नाही, अहो. एक काना इकडचा तिकडे होत नाही."

"व्हय, तुलाच लई ठावं."

झिप झाली. बाईंनी आकडे बघितले आणि चष्मा पुसून पुन्हा बघितले. फोटो बारा एमबीचे होते, ते बाराच राहिले. बोलणं चौदा एमबीचं होतं, त्याचं दीड झालं होतं.

काहीतरी गळालं असणार, म्हणून त्यांनी यूट्यूबवर विचारलं. तिथला एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस म्हणाला की फोटो आधीच दाबलेले असतात, ते आणखी दबत नाहीत. लिखाणात मात्र जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच लिहून घेतात आणि पुढे नुसत्या खुणा ठेवतात. जितकं तेच ते, तितकी फाईल लहान.

हसता हसता शलमोनरावांच्या हातातला चहा हिंदकळला. "ऐकलं का? अकरा वरसं बोललीस आन् दीड एमबी! माझ्या कोंबड्यांचे फोटू बघ, जरासुदिक दबले न्हाईत."

सत्यशीलाबाई हसल्या नाहीत. ते बघून शलमोनराव जरा वरमले आणि कप धुवायला आत गेले. हे ते सहसा करत नसत.

बाईंना ते लागलं होतं. लेक परमुलुखात एकटी, अकरा वर्षांनी आईचं बोलणं वाचायला बसणार, आणि तिला दिसणार काय? जेवलीस का. प्रार्थना केलीस का. पंखा पूर्ण सोडून झोपू नकोस. असलं गाठोडं पाठवायची लाज वाटायला लागली. त्यांनी ठरवलं, तेच ते सगळं काढायचं आणि उरेल ते चांगलं पाठवायचं.

'जेवलीस का?' शोधलं. कॉम्प्युटरनं पाच हजार एकशे सहा ठिकाणी सापडल्याचं सांगितलं. "मेल्या, मोजून काय दाखवतोस," असं त्याला सुनावून त्यांनी एका फटक्यात सगळे उडवले. मग पंखा उडवला, प्रार्थनाही उडवली. तेवढ्यापुरती देवाची क्षमा मागितली. उरलेलं वाचायला दुपार गेली.

उरली होती ती बरीचशी कृपाची उत्तरं.

'हो गं.'

'वरणभात. मीठ विसरले.'

'नाही. वॉर्डातल्या एक आजी सकाळी गेल्या.'

'मेसला भेंडी होती, म्हणून नाही.'

पोरगी परक्या देशात भिंतीशी बडबडत बसल्यासारखी दिसत होती. कुणी काही विचारलेलंच नाही, आणि ही आपली सांगतेय.

पहिल्या वर्षाच्या फाईलीत, कृपा जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाच्या एका दिवशी, एकाखाली एक सहा वेळा नुसतं 'नाही' होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'खाल्लं. दही आणि खुबूस रोटी. भरलेली बॅग परत रिकामी केली.'

बाई थबकल्या. त्या दिवशी त्यांना वाटलं होतं, धुण्याची बॅग असेल.

त्यांनी सकाळची झिप उघडली. आतली त्या वर्षाची फाईल जशीच्या तशी होती. सकाळी सातपासून प्रत्येक 'नाही'च्या आधी त्यांचं 'जेवलीस का?' आणि सहाव्या 'नाही'नंतर सातवं. लेक तिकडे परतीची बॅग भरून बसली होती, आणि ही बाई इकडून सात वेळा जेवणाचंच विचारत होती.

"अहो, इकडे या जरा. ही पोरगी पहिल्याच महिन्यात परत यायला निघाली होती. तुम्हाला ठाऊक होतं?"

शलमोनरावांनी वाकून वाचलं, पुन्हा वाचलं. "न्हाई," म्हणाले. खुर्ची ओढून शेजारी बसले. "आन् दह्यावर थांबली व्हय?"

"दह्यावर थांबली."

बाईंनी दुपारभर साफ केलेल्या अकराही फाईली पुसून टाकल्या.

"आगं, एवढा डोळे फोडून केलेला कुटाणा..."

"राहू द्या."

मग सकाळची झिप मेलला जोडली. वर काय लिहावं, याचा थोडा विचार केला आणि लिहिलं, 'सलाम बेटा. यात सगळं आहे. मी काहीच काढलेलं नाही.'

मेल गेल्याचं दिसेपर्यंत दोघंही पडद्याकडे बघत बसले.